फ्रिजचा षड्ज

अमेरिकेला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या सामानात पेटी आली की पहिला बळी भाजणीचा जातो. विमान कंपनी एका बॅगेला २३ किलो देते. घडीची पेटी, तिचं खोकं आणि तिला धक्का लागू नये म्हणून गुंडाळलेल्या दोन सोलापुरी चादरी यांतच त्यातले बरेचसे संपतात. मग वजनकाट्याकडे बघत आई एकेक पुडा बाहेर काढते: भाजणी, मेतकूट, आमसुलं, शेवटी काळा मसालासुद्धा. "तिकडे मिळत नाही गं हे," असं ती पुन्हा पुन्हा म्हणते, पण पेटी बाहेर काढा असं कोणी म्हणत नाही. तिकडे गेल्यावर रोज रियाज व्हायचा असतो.

पेटी सुखरूप पोचते. न्यू जर्सीच्या घरात तळघरात तिची स्थापना होते. शेजारी ट्रेडमिल असते. दोघी एकाच जातीच्या संकल्पातून घरात आलेल्या असल्यामुळे त्यांचं चांगलं जमतं. ट्रेडमिलवर धुतलेले कपडे वाळतात, पेटीवर घड्या घातलेले ठेवतात. जानेवारीत हीटिंग जोरात सुरू झालं की घरातली हवा कोरडीठाक होते, लाकूड आकसतं, आणि मार्चमध्ये कोणीतरी उत्साहानं भाता हलवला की मध्यमाच्या जागी खोकला येतो. पेटी दुरुस्त करणारा माणूस दोन राज्यं ओलांडून राहत असतो. त्याला फोन केला तर तो पहिलं वाक्य हेच बोलतो, "रोज वाजवत नाही वाटतं?"

"वेळच मिळत नाही" हे उत्तर खोटं नसतं. जनगणना खात्याच्या हिशेबानं अमेरिकन माणसाला कामावर पोचायला सरासरी २६-२७ मिनिटं लागतात. एडिसनहून मॅनहॅटनला जाणाऱ्या मराठी माणसाला ही सरासरी काढणाऱ्याला एकदा भेटायचं असतं. घरी आल्यावर पोळ्या, मुलांचा गृहपाठ, कुमॉन, पोहणं. शनिवारी सॉकर, कॉस्टको, आणि ऋतूप्रमाणे गवत कापणं किंवा बर्फ उपसणं. रविवारी मराठी शाळा. पुण्यात भांड्यांना मावशी येत. इथे डिशवॉशर आहे, पण तो काही स्वतःहून भांडी विसळून आत लावून घेत नाही. या सगळ्यातून रियाजाला उरतात ती रात्री साडेदहानंतरची वीस मिनिटं, आणि त्या वेळी गळ्यातून येण्यासारखा एकच स्वर शिल्लक असतो, तो म्हणजे जांभई. तीही मंद्र सप्तकातली.

आता इथला मराठी माणूस पोटासाठी बहुधा दुसऱ्यांच्या वेळेचं नियोजन करत असतो. त्यामुळे घरात गाणाऱ्या बायकोला वेळ मिळत नाही म्हटल्यावर तो गप्प बसेल कसा? आमच्या मंडळातल्या एका वहिनींच्या यजमानांनी त्यांच्या रियाजाचं एक्सेल केलं. उभ्या रकान्यांत वार. आडव्या ओळींत ओंकार, अलंकार, पलटे, राग, बंदिश, तराणा. झालं तर हिरवं, राहिलं तर लाल. भूप दोन आठवड्यांत पुरा करायचा, नाही झाला तर पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलायचा. दर रविवारी चहाच्या वेळी आढावा. पहिल्याच आढाव्यात त्यानं विचारलं, "या आठवड्यात ब्लॉकर काय होते?" वहिनी म्हणाल्या, "तू."

पण एक्सेल टिकलं. एक्सेल नेहमीच टिकतं. त्यात पुढे आलेख आले, रंगांच्या छटा आल्या, रागांची पळवाट म्हणून 'अर्धवट' नावाचा पिवळा रंग आला. माझं प्रामाणिक मत असं की नियोजन हाच रियाजाचा सर्वांत सुखाचा प्रकार आहे. त्यात आवाज फाटत नाही, शेजारी उठत नाहीत, आणि केल्याचं समाधान पुरेपूर मिळतं.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर पहाटेचा रियाज अमेरिकेत मुळात शेजाऱ्यांच्या परवानगीनं होतो. शास्त्र सांगतं की खर्ज पहाटे लावावा. बहुतेक अपार्टमेंटचा भाडेकरार सांगतो की रात्री दहा ते सकाळी सात शांतता पाळावी. भिंती लाकडी चौकटीच्या आणि वर जिप्समचा पत्रा, त्यामुळे तुमचा खर्ज पलीकडच्या घरात ताटं वाजवतो. कपड्यांच्या कपाटात शिरून, कोटांच्या रांगेत तोंड खुपसून सा लावणारी माणसं मला माहीत आहेत. त्यांचा आवाज फार मुलायम झालाय, फक्त त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो.

आणि त्या पहाटेच्या शांततेत एक आवाज कायम चालू असतो, तो फ्रिजचा. याचा विचार कोणी केलेला दिसत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. भारतात वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, अमेरिकेत ६० ची. जुने फ्रिज, ट्रान्सफॉर्मर, नळकांड्यांचे दिवे गुणगुणतात ते त्याच्या दुपटीवर, म्हणजे भारतात १०० वर आणि इथे १२० वर. पुण्यातल्या फ्रिजचा हा १०० चा स्वर पांढरी पाचच्या किंचित वर येतो. फ्रिज थोडा चढा लागलाय, इतकंच. एखाद्या नवशिक्या गायकाचं असतं तेवढंच. पण १२० हा स्वर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध पडतो, पाव स्वर इकडे, पाव स्वर तिकडे. पेटीवर तो वाजवायला पट्टीच नाही. काळी पाचमध्ये गाणाऱ्या बाईनं स्वयंपाकघरात सा लावला की फ्रिज तिला पाव स्वर वर ओढतो. ती कंटाळून पांढरी सात घेते, तर तो पाव स्वर खाली ओढतो. वर्षानुवर्षं अशा घरात रियाज करून गाणं सुरेल राहतं ही घराण्यांच्या इतिहासात नोंदवण्याजोगी गोष्ट आहे.

मग गुरू. हल्ली तो पुण्यात किंवा डोंबिवलीत असतो आणि पडद्यावर भेटतो. पुण्यात सकाळी साडेसातला शिकवणी ठेवली की न्यू जर्सीत रात्रीचे दहा वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका घड्याळ एक तास मागे घेते, आणि तीच शिकवणी एकदम रात्री नऊला येऊन पडते, मुलं झोपवण्याच्या वेळेवर. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा दहा. पुण्यातल्या गुरुजींना हे सांगितलं की ते थोडा वेळ थांबतात आणि विचारतात, "पण घड्याळ फिरवतं कोण?" सरकार फिरवतं म्हटलं की त्यांना पटत नाही. त्यांना वाटतं, शिष्याला उशीर झाला आणि त्यानं वॉशिंग्टनवर ढकललं. ॲरिझोनात घड्याळ फिरवत नाहीत. फीनिक्समधल्या मराठी शिष्यांची गुरुनिष्ठा निष्कलंक आहे ती त्यामुळे.

त्यात रागांची वेळ. गुरुजींच्या खिडकीत ऊन आलेलं असतं, ते भैरव काढतात. कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सात, बाहेर सूर्य मावळतोय, शिष्येच्या मनात यमन दाटलाय. वेळेचा हा नियम नक्की कोणाच्या आकाशाला लागू, याचा खुलासा भातखंड्यांच्या पोथ्यांत नाही. त्यांच्या काळी शिष्य गुरूपासून साडेबारा तास लांब नसे. आमच्याकडे शेवटी तडजोड झाली: गुरुजी भैरव शिकवतात, शिष्या तो दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना गाते.

मध्ये एक तिसराही उभा असतो, तो म्हणजे झूम. तो बैठकांसाठी जन्मला आहे. सलग चालणारा आवाज हा त्याच्या लेखी पंखा किंवा एसी. त्यामुळे त्याला तानपुरा गोंगाट वाटतो आणि तो सभ्यपणे तो पुसून टाकतो. इतकंच नाही, शिष्येनं खर्जात सा लावून धरला की तोही थोड्या वेळानं पंखाच ठरतो. "का थांबलीस?" गुरुजी विचारतात. "थांबले नाहीये गुरुजी, लावून धरलाय." "मला काही ऐकू येत नाही." मग ती धसमुसळेपणानं तान घेते तेव्हा मात्र सगळं स्पष्ट ऐकू जातं. संगीतकारांसाठी मूळ आवाज तसाच पाठवायची सोय सेटिंगच्या पोटात लपलेली आहे. ती सापडेपर्यंत एका पिढीचं गाणं विनाकारण तानप्रधान झालं.

इतकी धडपड करून जेमतेम वीस मिनिटं हाताशी आली की माणूस खुश व्हावा की नाही? तो होत नाही, कारण त्याच्या मनात मैहर असतं. तिथे अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या घरी रविशंकर आणि अली अकबर यांनी केलेल्या रियाजाचे आकडे आपण लहानपणापासून ऐकतो: चौदा तास, सोळा तास, अठरा तास. सांगणाऱ्याचं वय वाढलं की तासही वाढतात. उस्ताद अल्लारखाँ छोट्या झाकीरला पहाटे तीनला उठवून तबल्याचे बोल शिकवत. त्यांच्या माहीमच्या घरी हे कौतुकाचं झालं. एडिसनमध्ये तीच गोष्ट झाली असती तर तिसऱ्या दिवशी शाळेच्या समुपदेशकबाईंचा फोन आला असता. तबलजींमध्ये चिल्ला करतात, चाळीस दिवस जगापासून लांब, फक्त रियाज. अमेरिकेत खासगी नोकरदाराला एका दिवसाचीही भरपगारी रजा द्यावी असा केंद्राचा कायदा नाही. मालक देईल ती रजा भाचीच्या लग्नाला जाते. चाळीस दिवस मागायला गेलं तर ते मिळतात, पण मग पुढचे चारशेही मिळतात.

या कथांत एक तपशील मला कधी सापडलेला नाही. त्या अठरा तासांत भाकऱ्या कोण करत होतं? कोणीतरी करत असणार, दोन्ही वेळच्या, आणि त्या बाईचा रियाज कोणी मोजला नाही. शिष्य होते त्यांनाही सगळं आयतं नव्हतं. भीमसेन जोशी कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकत होते तेव्हा पाणी भरण्याचं काम त्यांच्याकडे होतं. माझ्यासारख्याला मैहरपेक्षा मोगूबाई कुर्डीकरांचा दिवस कसा जात असेल हे वाचायला आवडेल. नवरा लवकर गेला, तीन लहान मुलं, मुंबईतला संसार, पोटासाठी शिकवण्या, आणि वर अल्लादिया खाँसाहेबांची ती जयपूरची अवघड गायकी. त्यातून त्यांनी स्वतःचं गाणं राखलं आणि घरात एक किशोरी आमोणकर घडवली. त्यांच्या वेळापत्रकाचा एखादा कागद उरला असता तर मी तो आमच्या एक्सेलवाल्याला पाठवला असता.

मैहरची भीती कमी पडते म्हणून अमेरिकेनं स्वतःचा एक आकडा काढला आहे. १९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीत व्हायोलिन शिकणाऱ्यांचा अभ्यास छापला. त्यांतल्या सर्वोत्तम गटाचा एकट्यानं केलेला सराव विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजार तासांवर गेला होता. २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेलनं 'आउटलायर्स' पुस्तकात त्याचा नियम करून टाकला. खुद्द एरिक्सनना तो नियम मान्य नव्हता, पण तोवर तो प्रत्येक ऑफिसच्या भिंतीवर पोचला होता. आता हिशेब करू. रोज वीस मिनिटं धरली तर दहा हजार तासांना तीस हजार दिवस लागतात, म्हणजे ८२ वर्षं आणि वर जवळजवळ पन्नास दिवस. चाळिसाव्या वाढदिवसाला सुरुवात केली तर १२२ वर्षं पुरी होऊन वर ते पन्नास दिवस. जगात आजवर सर्वांत जास्त जगल्याची नोंद असलेल्या जीन कालमां या फ्रेंच बाई १२२ वर्षं १६४ दिवस जगल्या. म्हणजे बसतंय. शेवटचे पावणेचार महिने मैफलींना मोकळे मिळतात.

त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष होता, तो मात्र भिंतीवर कोणी लावला नाही. त्यांतले उत्तम वादक दुपारी झोप काढत. पुण्याला दुपारी एक ते चार या संशोधनाची गरज कधीच नव्हती.

अमेरिकेतला खरा रियाज मोटारीत होतो. हे मी थट्टेनं म्हणत नाही. दार लावलं की ती गाणाऱ्याची स्वतःची खोली. भाडेकरार नाही, फ्रिज नाही, कोणी "आई, माझे सॉक्स" म्हणत नाही. फोनवरचा तानपुरा गाडीच्या स्पीकरमधून असा काही घुमतो की मिरजेच्या भोपळ्यानं ऐकत राहावं. पलट्यांना तुंबलेला रस्ता उत्तम. दर वेळी पुढची गाडी हलली की एक पट्टी चढवायची. भीमसेनजींना मोटारींचं वेड होतं. मैफलीहून मैफलीला ते स्वतः गाडी हाकत शेकडो किलोमीटर जात, त्यामुळे या प्रकाराला परंपरा नाही असं कोणी म्हणू नये. अडचणी दोनच. रस्ता दाखवणारी बाई "पुढे उजवीकडे वळा" हे नेमकं समेवर म्हणते आणि दाद द्यायची राहून वळावं लागतं. दुसरी अडचण हाताची. तान वर गेली की हातही वर जातो, आणि टर्नपाइकवर शेजारच्या ट्रकवाल्याला दाखवलेल्या हाताचा अर्थ त्याच्या घराण्यात वेगळा आहे.

स्वयंपाकघरही वाईट नव्हतं, पण ते गेलं. कुकरच्या शिट्टीवर अलंकाराच्या आवृत्त्या मोजणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. डाळ शिजेपर्यंत एक पलटा घोटून व्हायचा. इन्स्टंट पॉट शिट्टी देत नाही. तो निमूटपणे आकडे उतरवत बसतो आणि शेवटी बीप करतो, आणि त्याची पट्टी फ्रिजशीही जुळत नाही.

इतकं सगळं असूनही वर्षातून तीन आठवडे सगळ्यांना भरपूर वेळ मिळतो. ते तीन आठवडे गणपतीच्या कार्यक्रमाआधीचे. गणपती इथे पंचांगापेक्षा शाळेच्या हॉलच्या तारखेनं बसतो, आणि एकदा हॉलचे पैसे भरले की ती तारीख ब्रह्मदेवालाही हलवता येत नाही. मग सिरियल बंद होते, ऑफिसची दुपारची बैठक "माझ्याशिवाय करा" होते, आणि रात्री अकराला चार घरांच्या तळघरांतले दिवे लागलेले असतात. सर्वांत व्यग्र माणूस तबलजी. मंडळात गाणारे चाळीस आणि तबला वाजवणारा एक, तोही हृदयरोगतज्ज्ञ. त्याच्या वेळा जमवणं हे त्याच्या पेशंटांनाही जमत नाही. तालीम दोन तासांची ठरते. पाऊण तास बटाटेवडे, पाऊण तास "आवाज जातोय का मागे?", आणि उरलेल्या अर्ध्या तासात जे गायलं जातं त्यात वर्षाचा निम्मा रियाज होऊन जातो.

तारखेचं हे महत्त्व विष्णू दिगंबर पलुसकरांनी फार आधी ओळखलं. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गुरूच्या लहरीवर चालणारं गाणं वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षेच्या रुळावर आणलं. "परीक्षेनं कुठे गाणं येतं?" असं तेव्हाही म्हणणारे होते, आजही आहेत. येत नसेल, पण परीक्षा रियाजाला बसवते तरी. त्यांच्यामागे १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आता अमेरिकेतही होतात. त्यामुळे प्रारंभिक परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर एक दृश्य हमखास दिसतं: ओळीनं बसलेली सात-आठ वर्षांची मुलं आणि त्यांच्यामध्ये गुडघे हनुवटीला लावून, मुलांच्याच खुर्चीवर बसलेला एखादा चाळिशी उलटलेला गृहस्थ. ऑफिसात त्याच्या हाताखाली साठ माणसं असतात. इथे त्याच्या हाताला घाम असतो.

मागच्या खेपेला असाच एक जण दुर्गाचे आरोह-अवरोह पुटपुटत बसला होता. शेजारची दोन वेण्यांची मुलगी बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. ही मुलं शाळेच्या बँडमध्ये असतात. तिथे रोजच्या सरावाचा तक्ता भरून त्यावर पालकांची सही न्यावी लागते, त्यामुळे हिशेबाला पक्की.

"काका, तुम्हाला भीती वाटते?"

"थोडी. तुला?"

"नो. मी रोज ट्वेंटी मिनिट्स करते. आई टायमर लावते. तुम्ही किती करता?"

"मला रोज नाही गं जमत. मी शनिवारी एकदम दोन तास बसतो."

तिनं बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"मग तुमची ट्वेंटी मिनिट्स बाकी आहेत," ती म्हणाली. "अजून तुमचा नंबर यायचाय. करून घ्या."